शब्द सांगू नकोस

१४ जुलै

ती. मामा आणि मामी,

सुखरूप पोचले. फोनवर मामा "बरं, ठेवतो" यापलीकडे काही बोलत नाहीत, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्रच लिहितेय.

वसतिगृहातली खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन पलंग, दोन टेबलं आणि एकच खिडकी. त्या खिडकीवरून रोज वाद. माझी रूममेट आठवीला भाषा शिकवते. तिला वारा सोसत नाही आणि वाऱ्याशिवाय माझं डोकं चालत नाही.

बावीस वर्षं पहिली-दुसरीच्या पोरांना "हात वर करा" म्हणत आले, आता स्वतःच बाकावर बसून हात वर करतेय. वर्गात आम्ही चौदाजण, सगळे मुरलेले मास्तर आणि मास्तरणी. गप्प बसायची सवय एकालाही नाही. प्राध्यापकांनी एक प्रश्न विचारला की चौदा उत्तरं येतात, वर चौदा उपदेश.

मामी, निघताना तू विचारलंस, "जन्मभर मुलांना वाचायला शिकवलंस, आता त्यात आणखी काय शिकायचं राहिलं?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. खरं सांगू? माझ्या वर्गातून दरवर्षी दोन-तीन मुलं वाचता न येताच पुढे जायची. मारून, गोंजारून, बक्षीस देऊन सगळं करून पाहिलं. (मारलं नाही गं, मामी. म्हणायची पद्धत.) ती का अडतात हेच मला कळत नव्हतं. ते कळावं म्हणून दोन वर्षांची रजा काढून पदव्युत्तर अभ्यासाला आलेय. आई गेल्यावर ज्यांनी मला वाढवलं, त्यांना खरं कारण सांगायला हवं, म्हणून लिहिलं.

मामा, नवीन पाट्या कुठल्या रंगवल्या ते कळवा.

तुमची,
मास्तरीण

---

१९ ऑगस्ट

मास्तरीणबाई,

आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेतच, दर पत्रात नव्याने लिहीत नाही.

तुझ्या चौदा मास्तरांचं ऐकून मामी इतकी हसली की चहा उतू गेला. खिडकीचं मी सांगतो. अर्धा दिवस उघडी, अर्धा दिवस बंद, आणि उघडी कधी ते तू ठरव.

इथे सगळं ठीक आहे. मध्यंतरी डोळ्यांनी जरा त्रास दिला. चष्म्याचा नंबर बदलला असणार. घरातल्या दारांच्या चौकटी हल्ली उजव्या बाजूने मला मुद्दाम येऊन धडकतात. दुखणं असं नाही, चौकटींचा आगाऊपणा आहे.

पाट्यांचं विचारलंस. छापील फ्लेक्सनी आमचा धंदा निम्मा खाल्ला, तरी हाताने रंगवलेलं अक्षर मागणारे शहाणे अजून आहेत. औषधवाल्याच्या दुकानाची पाटी नवी केली. एक नवीन नियम काढलाय. गिऱ्हाइकाने चिठ्ठी आणायची नाही, समोर उभं राहून तोंडाने सांगायचं. चिठ्ठ्यांत लोक ऱ्हस्व-दीर्घाची कत्तल करतात. तोंडाने सांगितलं की चूक झाली तरी ती माझी असते आणि मला ती दुरुस्त करता येते.

मामी म्हणते, जेवणाची हयगय करू नकोस.

मामा

---

२५ सप्टेंबर

मामा,

हे पत्र लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं.

इथे आम्हाला प्रत्येकी एक मूल दिलंय. शेजारच्या शाळेतलं, वाचनात अडलेलं. माझ्या वाट्याला तिसरीतली एक मुलगी आलीय, दोन वेण्या आणि समोरचा एक दात पडलेला. शब्दाचं पहिलं अक्षर बघते आणि बाकीचा शब्द मनाने रचते. 'पाऊल' दिसलं की 'पाऊस' म्हणते आणि बिनधास्त पुढे जाते. आठवड्यातून दोनदा मी तिच्याबरोबर वाचायला बसते. त्याचं चित्रीकरण होतं आणि नंतर ते सगळ्यांसमोर लावतात.

गेल्या आठवड्यात माझं लावलं. मार्गदर्शक मॅडमनी मध्येच थांबवून विचारलं, "बाई, इथे काय झालं?" मी म्हटलं, "ती अडली, मी मदत केली." त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. मुलीने तोंड उघडलंय, ओठ हलताहेत, आणि तेवढ्यात माझा आवाज: "पाऊल." पुढच्या शब्दालाही तेच. त्याच्या पुढेही. मॅडम एवढंच म्हणाल्या, "तिला अडू तरी द्या. ती शब्दाशी झगडतेय आणि तुम्ही तिच्या हातातून तो काढून घेताय."

चूक दाखवली याचं दुःख नाही. बावीस वर्षं ज्याला मी माया समजत होते, ती घाई होती, हे तेराजणांसमोर कळलं, त्याचं आहे.

त्याच आठवड्यात प्रबंधाचा आराखडाही परत आला. "विषय फार पसरट, प्रश्न स्पष्ट नाही." इंग्रजीतले लेख तीन-तीनदा वाचते तरी डोक्यावरून जातात. रूममेट म्हणते, सगळ्यांचं असंच होतं. पण ती म्हणते आणि झोपते, मी जागी राहते.

मामा, मला सरळ उत्तर द्या. मी परत येऊ का? शाळा घेईल मला. लाज वाटेल, पण ती चार दिवसांची. तुम्ही "ये" म्हणालात तर सामान बांधते.

तुमची मास्तरीण

---

८ ऑक्टोबर

मास्तरीणबाई,

दोन वेण्यांची पोरगी फार आवडली. 'पाऊल'ला 'पाऊस' म्हणते म्हणजे डोकं आहे तिला. चुकते तीही खऱ्याच शब्दावर!

इकडे ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलंय. न्हाव्याच्या दुकानाचा मालक बदलला, त्याला नवी पाटी हवीय. पिवळ्यावर काळं की काळ्यावर पिवळं, यावर त्याच्याशी तासभर भांडलो. शेवटी पिवळ्यावर काळं ठरलं, म्हणजे माझंच. मामीने पडदे धुतले. घर उजळलंय आणि मामीची कंबर धरलीय.

तुझा अभ्यास जोरात चाललाय हे ऐकून बरं वाटलं. सगळ्यांना सांगत असतो, आमची मास्तरीण आता मास्तरांना शिकवणार.

मामा

---

१५ ऑक्टोबर

मामा,

मी एक प्रश्न विचारला होता. त्यावर तुम्ही मला पिवळा रंग आणि पडदे पाठवलेत.

रागावला असाल तर रागवा, चार शब्द लागतील असे बोला. "तुला झेपत नाही" म्हणालात तरी चालेल. पण विचारलेलं जणू विचारलंच नाही असं करू नका. तुम्ही असं कधीच केलं नव्हतं.

मी

---

२२ ऑक्टोबर

बाळ,

हे पत्र मी लिहितेय, तुझ्या मामांना न सांगता. तू त्यांच्यावर रुसू नकोस. तुझा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. मध्ये मी उभी होते.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळी यांनी पेपर हातात घेतला आणि म्हणाले, "आज पेपर परक्या भाषेत छापलाय का गं?" मला वाटलं, नेहमीची थट्टा. मग त्यांनी औषधाची बाटली पाहिली, कॅलेंडर पाहिलं, भिंतीवरची स्वतः रंगवलेली घराची पाटी पाहिली आणि खुर्चीत बसले. तसे बसलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

मेंदूच्या मागच्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. हातपाय ठणठणीत, बोलणं ठणठणीत. लिहितातसुद्धा, ते तू बघतेसच. वाचणं तेवढं गेलं. स्वतः लिहिलेलं पत्र घटकाभराने समोर धरलं तर विचारतात, "हे कोणी लिहिलंय?" उजव्या बाजूचं नीट दिसत नाही, म्हणून चौकटी लागतात. गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचता येत नाही, म्हणून तो नियम. कोणी तोंडाने सांगितलं की हात आपोआप अक्षरं काढतो, पूर्वीसारखीच देखणी. पाटी पुरी झाली की ते तिच्याकडे पाठ करून ब्रश धुतात.

मला शपथ घातली की तुला कळवायचं नाही. "ती पहिल्या गाडीने परत येईल आणि शिक्षण राहील." तुझी पत्रं मी वाचून दाखवते. सप्टेंबरच्या पत्रात तू परत येण्याचं लिहिलंस तिथे माझी जीभ अडली. डॉक्टर म्हणाले होते, मनाला लागेल असं काही ऐकवू नका. मी तो भाग गाळला आणि "अभ्यास जोरात चाललाय" असं पदरचं घातलं. आता वाटतं, यांचं तुझ्यापासून झाकलं आणि तुझं यांच्यापासून. घरात दोन झाकणं आणि मधे मी.

सामान बांधू नकोस. तू सगळं सोडून आलीस तर यांना वाटेल, आपलं आता काही खरं नाही. पण एक विचारते. तू वाचायला शिकवण्याचंच तर शिकतेयस. मोठ्या माणसाला पुन्हा शिकवता येतं का?

मामी

---

३० ऑक्टोबर

मामी,

तुझं पत्र वाचलं आणि जिन्यातच बसून राहिले. रूममेटने पाणी आणून दिलं आणि खिडकी स्वतःहून उघडली.

रागावले नाही. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. अडलेल्याच्या आधी बोलायची आपल्या दोघींना सवयच आहे.

मॅडमना जाऊन विचारलं. असं दुखणं त्यांना माहीत होतं. त्यांच्या ओळखीच्या वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंशी त्यांनी माझं बोलणं करून दिलं. त्या म्हणाल्या, खात्री कोणी देणार नाही, पूर्वीसारखं भरभर वाचणं बहुधा येणार नाही. पण काहींना एक आडवाट सापडते. डोळ्याला अक्षर ओळखता येत नसेल तरी हाताला ते आठवत असतं. बोटाने गिरवलं की हात डोळ्याला सांगतो. आपल्या गावात असे उपचार करणारं कोण आहे, ते नाव त्यांनी दिलंय. सोबत पाठवतेय.

मामी, पहिलीतल्या पोरांकडून मी रेतीत अक्षरं गिरवून घेते. आणि मामांचा हात म्हणजे चाळीस वर्षं अक्षरं काढणारा हात! आडवाट असेल तर ती त्यांच्याच हातात असणार.

सत्र संपलं की चार दिवस येते, सामान न बांधता. त्यांना मी माझ्या तोंडाने सांगेन की मला कळलंय.

तुझी

---

११ जानेवारी

मास्तरीणबाई,

तू गेल्यापासून लिहायचं टाळत होतो. डिसेंबरात तू लिहायच्या पाटीवर मोठा 'क' काढून माझ्यासमोर धरलंस आणि मी ती ढकलून दिली. "मला पहिलीत बसवतेस?" असं ओरडलोही. तू पाटी उचलून कोनाड्यात ठेवलीस आणि दुसऱ्या दिवशी गेलीस. तुला स्टेशनवर सोडायला आलो नाही. पायाचं निमित्त सांगितलं. पाय ठीक होता.

मला अडाणी होण्याची भीती नव्हती गं. ज्या रस्त्याने जातो, तिथल्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या. त्या सगळ्या मला ओळख देईनाशा झाल्या. सख्खी माणसं समोरून तोंड फिरवून जावीत तसं वाटायचं. आणि तू 'क' धरून म्हणालीस, "याच्यापासून सुरू करू." अख्खा गाव तुटलेला आणि तू म्हणतेस एका माणसाशी बोलून बघा.

आता खरी गोष्ट. गेल्या आठवड्यात न्हाव्याची ऑक्टोबरपासून रखडलेली पाटी पुरी करत होतो. तो शेजारी उभा राहून बडबडत होता. माझी बाही घासली आणि उजवीकडचं एक अक्षर फराटलं. कुठलं ते मला कळेना. त्याला विचारायची लाज वाटली. म्हणून ओल्या रंगावरच बोट ठेवलं आणि कडेकडेने फिरवत गेलो. वरून खाली, वळसा, पोटात गाठ, पुन्हा खाली. आणि तोंडातून निघालं, "ह!"

न्हावी म्हणाला, "काय झालं, पेंटर?"

मी म्हटलं, "हे 'ह' आहे."

तो म्हणाला, "मग? मीच सांगितलं होतं ना."

त्याला काय कळणार! मी शेजारच्या अक्षरावर बोट फिरवलं, मग त्याच्या पुढच्या. सगळी पाटी खराब केली आणि सगळी वाचली. न्हाव्याला पाटी पुन्हा रंगवून दिली. तो अजून लोकांना सांगतो की पेंटरचं डोकं फिरलंय.

घरी आलो आणि कोनाड्यातली पाटी काढली. मामीला म्हटलं, "काढ एक अक्षर." तिने 'क' काढला आणि रडायला लागली. मी म्हटलं, "पुसट होतंय, बाजूला होऊन रड."

तू दिलेल्या नावाच्या बाईंकडे आठवड्यातून एकदा जातो. तिथे माझ्यासारखे आणखी दोघं आहेत. मी वर्गात पहिला आहे.

मामा

---

२० जानेवारी

मामा,

तुमचं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. बाकीचे तेराजण पहिल्यांदाच गप्प बसले.

मामीसाठी एकच सूचना आहे आणि ती सगळ्यात अवघड आहे. मामी, शब्द सांगू नकोस. मामा गिरवत असताना तुला उत्तर दिसेल, जीभ वळवळेल. दाताखाली धर. मी रोज तेच करतेय. माझी दोन वेण्यावाली परवा 'पायरी'पाशी अडली. मी ओठ घट्ट मिटून बसले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकाकडे पाहिलं. मग ती स्वतःच बोट फिरवत म्हणाली, "पा... य... पायरी! आधी मी 'पायल' म्हणणार होते." ते 'म्हणणार होते' ऐकून मॅडमनी टाळी वाजवली. स्वतःची चूक स्वतःच आधी पकडली तिने!

त्यावरून प्रबंधाचा प्रश्न सापडला. अडलेल्या मुलाला शिक्षक किती वेळ देतो, आणि त्या वेळात मुलाचा हात, डोळा आणि कान काय करतात. मॅडम म्हणाल्या, "आता हा तुमचा विषय झाला." तुमच्या अनुभवाबद्दल प्रस्तावनेत दोन परिच्छेद लिहायचेत. तुमची परवानगी असेल तरच, नाहीतर नाही.

तुमची मास्तरीण

---

२ मार्च

मास्तरीणबाई,

परवानगी आहे. नाव घालू नकोस, नाहीतर गिऱ्हाइकं पळतील.

हल्ली मी मांडीवर बोटाने गिरवत वाचतो. औषधवाल्याने विचारलं, "पेंटर, खाजेवर मलम देऊ का?" शब्दाला वेळ लागतो, ओळीला घाम फुटतो, पण वाट सापडलीय. मामी समोर तोंडात पदराचा बोळा कोंबून बसते. त्याशिवाय तिला गप्प राहणं जमत नाही.

परवा सरावासाठी तुझी जुनी पत्रं काढली. ऐकलेलीच आहेत, सोपी जातील असं वाटलं. सप्टेंबरचं पत्र घेतलं. सकाळी बसलो. दुपारचं जेवण झाल्यावर शेवटच्या परिच्छेदाला पोचलो. 'मी परत येऊ का' हे चार शब्द मी दोनदा गिरवले. वाटलं, माझंच चुकतंय.

मामीला हाक मारली. "हे तू वाचलं नव्हतंस."

ती म्हणाली, "नव्हतं."

"आणि 'अभ्यास जोरात चाललाय' हे?"

"ते माझं."

मी पत्राची घडी घातली, तेव्हा तीच म्हणाली, "तुम्हाला वाचता यायला लागलं, आता माझी काही धडगत नाही." मग दोघंही हसलो. रागवणार कुणावर? सहा महिने ती माझे डोळे झाली होती. डोळे कधीमधी झाकतात.

पण पोरी, तू तिथे एकटी उत्तराची वाट बघत होतीस आणि मी तुला पिवळा रंग कळवत होतो, हे मनातून जात नाही. तेव्हा मला नीट ऐकवलं असतं तरी मी "ये"च म्हणालो असतो. घाबरलो होतो, तू जवळ हवी होतीस. मामीने गाळलं ते एका अर्थी बरंच झालं. आज विचारशील तर उत्तर देतो: पुरं कर, मग ये.

मामा

---

९ मे

ती. मामा, मामी,

दुसरं वर्षही संपलं. मध्ये येणं-जाणं झालं म्हणून पत्रं कमी झाली, पण ही बातमी कागदावरच हवी. तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भरपूर छळलं. एक प्रश्न विचारून ते पेन शोधायला लागले. मी घाईने उत्तर दिलं नाही, विचार केला आणि मग बोलले. पास झाले.

मॅडमनी इथेच थांबायला सांगितलं, नवीन शिक्षकांच्या तुकडीला शिकवायला. मी "उन्हाळ्याच्या सुट्टीत दरवर्षी येईन" असं सांगून आले. जूनपासून माझी पहिली हवीय मला. दोन वेण्यावालीने निरोपाला गोष्टीचं एक पान वाचून दाखवलं. तीन ठिकाणी अडली, तिन्ही ठिकाणाहून आपली आपण बाहेर आली.

प्रबंधाची एक प्रत पाठवतेय. जाड आहे, सगळा वाचलाच पाहिजे असं नाही.

तुमची मास्तरीण

---

२८ मे

मास्तरीणबाई,

"सगळा वाचलाच पाहिजे असं नाही" हे वाक्य तू मला लिहायला नको होतंस. आता सगळा वाचणार. रोज सकाळी अर्धं पान, चहाच्या आधी. मामीने हिशेब केला आणि म्हणाली, "तोवर आपण दोघं टिकायला हवं." मी म्हटलं, वाचून होईपर्यंत कुठे जायला सवड नाही.

पहिलं पान दोनाऐवजी तीन दिवसांत झालं. आमचे दोन परिच्छेद आधी शोधले. नाव नाही, पण मामीने ओळखलं. तिला पदराच्या बोळ्याचा उल्लेख हवा होता. तो नाही म्हणून नाराज आहे.

आता तक्रार. दुसऱ्या पानावर चौथ्या ओळीत 'अधिबोधात्मक' असा शब्द आहे. सकाळभर गिरवला. अक्षर न् अक्षर बरोबर लागलं, पण पुढे काहीच उमगेना. जुनी धास्ती परत आली. म्हटलं, आडवाटही बंद झाली की काय. मामीला बोलावलं. नियमाप्रमाणे तिने बराच वेळ सांगितलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "आता सांग."

ती म्हणाली, "अधिबोधात्मक."

"तेवढं मलाही आलं. म्हणजे काय?"

"मला काय माहीत!"

प्रबंध काखेत मारून औषधवाल्याकडे गेलो. तो शिकलेला माणूस. त्याने चष्मा चढवला, मोठ्याने वाचलं, पुढची ओळ वाचली, मागची वाचली आणि म्हणाला, "पेंटर, हे आपल्यासाठी नाही लिहिलेलं."

तिघांनाही तो शब्द वाचता आला आणि तिघांनाही कळला नाही. दुकानाच्या पायरीवर उभा राहून मी एवढा हसलो की दोन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. न समजणाऱ्यांत मी एकटा नव्हतो. किती दिवसांनी मी असा चारचौघांसारखा अडाणी ठरलो!

अर्थ कळव. सवडीने कळव, मी तोवर पाचव्या ओळीवर आहे.

मामा